कोजागिरीच्या संध्याकाळी वरणगावच्या माथ्यावर

९ ऑक्टोबर २०२२, रविवार, कोजागिरी. संध्याकाळी ६ वाजून ४७ मिनिटांनी जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या जवळजवळ माथ्यावर, शर तारकासमूहात, आजवर नोंदलेल्यांपैकी सर्वांत तेजस्वी गॅमा किरण स्फोट झळकला. पूर्वेला पूर्ण चंद्र होता, लोक अंगणात होते, आणि कोणालाच काही दिसले नाही. हवेचे वरचे थर हे किरण शोषून घेतात, ही आपल्यावरची मोठी मेहेरबानीच. त्या दिवशीचा मारा मात्र एवढा होता की, सुमारे ५०० किलोमीटर उंचीवर आयनांबरातले विद्युतक्षेत्र ढवळून निघाले. चीन आणि इटलीच्या एका उपग्रहाने ते टिपले. सुमारे १९० कोटी वर्षांपूर्वी एक प्रचंड तारा कोसळला, त्याचे कृष्णविवर झाले आणि तिथून सुटलेला झोत खानदेशावरच्या आभाळाला हलवून गेला.

हवा किरण अडवते म्हणून वेधयंत्र हवेच्या वर न्यावे लागते. वर नेले तरी पंचाईत संपत नाही. हे किरण साध्या आरशाने वळत नाहीत, आणि स्फोट कुठे होईल, कधी होईल, सांगता येत नाही. काही तर दोन सेकंदांच्या आत संपतात. कोजागिरीचा स्फोट सगळ्या आभाळावर लक्ष ठेवणाऱ्या ‘फर्मी’ उपग्रहाने लगेच पकडला. ‘स्विफ्ट’ या दुसऱ्या उपग्रहाच्या दृष्टीत तो ५३ मिनिटांनी आला, आणि आधी तो आपल्याच आकाशगंगेतला एखादा क्ष-किरण स्रोत वाटला. दोन्ही नोंदी जुळवल्यावर खरी ओळख पटली.

या शास्त्राचा उगम शस्त्रांवरच्या पाळतीत आहे. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या सोबतीने वाढलेल्या वरणगावला हे वेगळे समजवायला नको. १९६३ च्या अणुचाचणीबंदी करारानंतर चोरून कोणी स्फोट करते का, हे पाहायला अमेरिकेने ‘वेला’ उपग्रह सोडले. जुलै १९६७ मध्ये त्यांनी नोंदवलेला झटका पृथ्वीवरचा नव्हता. ही माहिती जगापुढे यायला १९७३ उजाडले. त्यानंतर वीसेक वर्षे एकच वाद: हे स्फोट जवळचे की विश्वाच्या दूर टोकाचे? ‘बेप्पोसॅक्स’ या उपग्रहाने मे १९९७ मध्ये एका स्फोटाची जागा पुरेशा अचूकपणे दिली. केक दुर्बिणीतून त्याच्या मागे उरलेल्या मंद प्रकाशाचा वर्णपट घेतला गेला आणि अंतर अब्जावधी प्रकाशवर्षे निघाले. ते मोजणाऱ्या चमूत कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते.

असे स्फोट टिपू शकणारे आपले स्वतःचे यंत्र २८ सप्टेंबर २०१५ रोजी ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहावर बसून वर गेले. मुंबईची टीआयएफआर, पुण्याची आयुका आणि अहमदाबादची पीआरएल अशा संस्थांचे त्यामागे हात आहेत. कॅडमियम-झिंक-टेल्युराइडच्या स्फटिकांचे सोळा हजारांहून जास्त ठिपके त्यात आहेत. खरे तर ते आभाळाचा लहानसा तुकडा न्याहाळण्यासाठी बनवलेले. पण जास्त ऊर्जेचे किरण उपग्रहाच्या भिंती भेदून कोणत्याही बाजूने स्फटिकांपर्यंत पोहोचतात. सुरू झाले त्याच दिवशी, ६ ऑक्टोबरला, त्याने एक स्फोट टिपला. त्यानंतर शेकडो टिपले. मला त्याहून मोलाचे वाटते ते ध्रुवीकरणाचे मापन. एका ठिपक्याला धडकून किरण शेजारच्या ठिपक्यात कोणत्या दिशेने उडाला, हे मोजून झोतातल्या चुंबकीय क्षेत्राचा माग काढता येतो. जगात हे काम फार थोड्या यंत्रांनी केले आहे.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवर आल्या आणि १.७ सेकंदांनी ‘फर्मी’ला गॅमा किरण दिसले. ॲस्ट्रोसॅट मात्र पृथ्वीच्या आड होता, त्याला काहीच दिसले नाही. न दिसण्यावरूनही आभाळाचा मोठा भाग बाद करता आला, एवढाच दिलासा.

आयआयटी मुंबईचे वरुण भालेराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली ‘दक्ष’ मोहीम नेमकी ही उणीव भरते. विषुववृत्ताजवळच्या कक्षेत, पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंना दोन उपग्रह ठेवायचे, म्हणजे एकाच्या आड पृथ्वी आली तरी दुसरा जागा असतो. अशी दुसरी टक्कर कधी होईल ते आपल्या हातात नाही. तेव्हा वर दोन डोळे असतील की नाही, हे आपल्या हातात आहे, आणि माझ्या मते या मोहिमेला पैसा लवकर मिळायला हवा.