लेक सिस्टर झाली, पुढे काय?

१० मार्चला आपण सावित्रीमाईंचा स्मृतिदिन पाळतो. १८९७ साली पुण्याला प्लेगने गाठले, तेव्हा डॉ. यशवंतने काढलेल्या दवाखान्यात माईंनी रोग्यांची शुश्रूषा केली आणि त्याच रोगाने त्या गेल्या. त्याही पूर्वी तथागतांनी, अतिसाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूला आनंदाच्या मदतीने आपल्या हातांनी धुतले, उचलून मंचकावर ठेवले आणि आजाऱ्याची सेवा ती माझीच सेवा, असे संघाला बजावले. चांगल्या परिचारकाचे गुण विनयपिटकात सांगितले आहेत. औषध करता यावे, पथ्य-कुपथ्य कळावे, मलमूत्राची किळस नसावी, लोभाने नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी, आणि आजाऱ्याला धम्माच्या चार गोष्टी सांगून धीर देता यावा. 'नर्सचे काम हलके' असे म्हणणारी मंडळी अजून आहेत, म्हणून हे दोन दाखले.

परंतु आज आम्हाला बोलायचे आहे ते वेगळेच. याच 'सेवा' शब्दाच्या आडून आपल्या लेकींना कमी पगारात राबवले जाते. आणि आईबापही, पोरगी पांढऱ्या कपड्यात कामाला जाऊ लागली, घरात चार पैसे आले, की समाधान मानून गप्प बसतात.

आमच्याच वस्तीतील एका मुलीची गोष्ट. बारावीनंतर जीएनएम केले आणि एका खासगी हॉस्पिटलात लागली. लागताना तिथल्या ऑफिसने मूळ गुणपत्रिका आणि नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचे प्रमाणपत्र ठेवून घेतले. का, तर मध्येच सोडून जाऊ नये म्हणून! तीन वर्षांनी महापालिकेच्या भरतीत तिचे नाव यादीत लागले. कागद तपासणीला सहा दिवस होते. आम्ही तिच्यासोबत त्या ऑफिसात तीन खेपा घातल्या. साहेब रजेवर, कपाटाची चावी साहेबांकडे. तपासणीची तारीख निघून गेली. पोरगी हुशार, हात चांगला, पण आजही ती खासगीतच नाइट करते आहे. आम्ही पेशाने कारकून, दिवसभर कागदांतच असतो, तरी आम्हाला तिचे कागद सोडवता आले नाहीत. ही सल जात नाही.

म्हणून पालकांनी पहिली गोष्ट लक्षात घ्यावी. मूळ प्रमाणपत्र दाखवायचे असते, द्यायचे नसते. साक्षांकित प्रत द्यावी. कुणी बाँड पुढे केला तर पोरीने एकटीने सही करू नये, घरी आणून चार जाणत्यांना दाखवावा.

आता शिक्षणाचे. गल्लीबोळात सहा महिन्यांचा 'नर्सिंग कोर्स' करून देणारे बोर्ड दिसतात. त्याने कपडे पांढरे होतात, पण मुलगी नर्स होत नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये ज्याची नोंदणी होते तेच खरे नर्सिंग. एएनएम दोन वर्षांचे, जीएनएम तीन वर्षांचे, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. एएनएम आणि जीएनएमला कला शाखेची मुलगीही जाऊ शकते. बी.एस्सी.ला बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते. फी भरण्याआधी त्या शाळेला कौन्सिलची मान्यता त्या वर्षी आहे का, हे पाहावे. ऐपत आणि गुण असतील तर सरळ बी.एस्सी. करावे हे आमचे स्पष्ट मत आहे. ऐपत नसेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, आणि वसतिगृहात नंबर न लागलेल्यांसाठी समाजकल्याणची स्वाधार योजना आहे. तीत अनुसूचित जाती व नवबौद्ध असे स्पष्ट लिहिले आहे.

दुसरे, जातीचा दाखला आणि जात पडताळणी. पडताळणीचा अर्ज मुलगी अकरावी-बारावीत असतानाच करावा. नेमणुकीची ऑर्डर हातात आल्यावर धावाधाव करणारी कितीतरी माणसे आम्ही पाहतो. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा महाराष्ट्रातल्या रहिवासाचा आणि जातीचा पुरावा मागतात. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा उतारा, कोतवाल बुकातली नोंद, जे मिळेल ते गावी जाऊन काढून ठेवावे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, मात्र केंद्राच्या नोकरीला केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, तो वेगळा काढावा. आणि लग्न झालेल्या भगिनींनो, तुमची जात माहेरची धरली जाते, वडिलांचेच कागद चालतात. सासरचे नाव लावले असेल तर विवाह नोंदणीचा दाखला आणि नावबदलाचे राजपत्र जपून ठेवा. एका कागदावर माहेरचे आडनाव, दुसऱ्यावर सासरचे, तिसऱ्यावर वडिलांच्या नावात एक काना जास्त, एवढ्यावर अर्ज परत येतो.

नोकरी लागली की अभ्यास संपला, ही आपली मोठी खोड आहे. जीएनएम झालेलीला दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते, पुढे एम.एस्सी. शिकवायची आवड असेल तर पाठ्यनिर्देशिका होता येते. ज्यांना वॉर्डच आवडतो त्यांच्यासाठी अतिदक्षता, नवजात बालके, कर्करोग अशा एकेका विषयाच्या वर्षभराच्या पदविका आहेत. सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका, मग परिसेविका, मग सहायक अधिसेविका, अधिसेविका असा जिना आहे. सातव्या वेतन आयोगात राज्यात अधिपरिचारिकेचे मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होते, केंद्रात ४४,९०० पासून. एम्सच्या भरतीला बी.एस्सी. मुलीला अनुभवाची अट नाही. जीएनएमला मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो, आणि वयाची मर्यादा ३० असली तरी आपल्याला पाच वर्षांची सूट आहे. म्हणून नोकरी सोडताना अनुभवाचे प्रमाणपत्र घ्यावे, त्यात तारखा, विभाग आणि खाटांची संख्या लिहून घ्यावी. कौन्सिलच्या नोंदणीचे नूतनीकरण विसरू नये. प्रशिक्षणाच्या तासांची प्रमाणपत्रे त्याच फायलीत लावत जावीत.

खासगीतल्या पगाराबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानंतर केंद्राने समिती नेमली. तिने शिफारस केली की २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयाने नर्सला सरकारी नर्सइतका पगार द्यावा, १०० च्या वर असेल तर फार तर दहा टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर पंचवीस टक्के कमी, आणि ५० पेक्षा लहान असेल तरी महिना २०,००० च्या खाली नाही. ही शिफारस आहे, तिने उद्या पगार वाढणार नाही. पण चार जणी मिळून बोलायला गेल्या तर हातात आकडा असतो. एकटीने जाऊ नये. पगार बँकेतच घ्यावा, फंडाचा यूएएन नंबर मागून घ्यावा आणि पासबुकात पैसे खरोखर जमा होतात का ते दर तीन महिन्यांनी पाहावे. पावतीवर कापलेला फंड भरलाच असेल, असे समजू नये.

बाळंतपणाची रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी आहे. त्याआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असावे, एवढीच अट. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या सवलतीच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला होता. त्यांच्या लेकींनी ही रजा खाली मान घालून का मागावी?

ड्युटीवरचेही थोडे सांगतो. आम्हाला वैद्यकीय कळत नाही, पण जाणत्या सिस्टरांना विचारून लिहितो. कामावर लागण्याआधी कावीळ 'ब' च्या लसीचे तिन्ही डोस पूर्ण करावेत. सुईला परत टोपण लावू नये. सुई टोचलीच तर जखम पिळू नये, साबणाने व वाहत्या पाण्याने धुवावी आणि लगेच वरिष्ठांना कळवून लेखी नोंद करावी. एचआयव्हीची शंका असेल तर औषध दोन तासांत सुरू झालेले उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि २८ दिवस घ्यावे लागते. 'कुणाला सांगितले तर नोकरी जाईल' म्हणून गप्प राहणाऱ्या मुली आहेत, ही गोष्ट घरच्यांनीही जाणून असावी. डॉक्टरांनी फोनवर सांगितलेले औषध परत वाचून दाखवावे, वेळ लिहावी आणि नंतर त्यांची सही घ्यावी. चौकशी होते तेव्हा केसपेपर बोलतो, आठवण नाही.

आडनाव ऐकून ड्युटी लावली जाते, घाणीची कामे बरोबर ठरावीक मुलींकडे येतात, अशा तक्रारी आमच्या कानावर येतात. अशा वेळी भांडण नको, कागद करा. तारीखवार लिहा, अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

घरातले पुरुष हे पान वाचत असतील तर त्यांच्यासाठीही दोन ओळी. रात्रभर पन्नास रोगी सांभाळून सकाळी आठला घरी आलेली सून थेट भाकऱ्या थापायला बसते, आणि आपण पेपर उघडतो. विहारात समतेवर भाषण करायला आम्हीही पुढे असतो. नाइटच्या दिवसांत सकाळचा चहा-नाश्ता आणि पोरांची शाळा नवऱ्याने उरकावी, दुपारी घरात टीव्ही बंद ठेवावा. तिची झोप झाली नाही तर तिकडे इंजेक्शनच्या मापात चूक होऊ शकते.

परदेशी जाण्याचे वेड सध्या वाढले आहे. जावे, जरूर जावे. मात्र एजंटाचा नोंदणी क्रमांक परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेटवर तपासल्याशिवाय एक रुपया देऊ नये. जर्मनीला जर्मन भाषा शिकावी लागते, इंग्लंडला इंग्रजीची परीक्षा असते. त्याची तयारी इथली नोकरी सांभाळून वर्ष-दीड वर्ष आधी सुरू करावी. सोने गहाण ठेवून आधी पैसे भरायचे आणि मग भाषेचा क्लास शोधायचा, असा उलटा क्रम आमच्या पाहण्यात आला आहे.

दर रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात टेबल मांडून बसतो. शिष्यवृत्ती, पडताळणी, कौन्सिलचे फॉर्म भरून देतो, पैसे घेत नाही. येताना मूळ कागद आणा. पाहून तिथल्या तिथे परत देऊ, आणि तुम्ही ते मोजून पिशवीत ठेवल्याशिवाय पुढच्याला बोलावणार नाही.