नौकेच्या इंधन-व्यवस्थेतील पाणी व गळती : निदानाची पद्धती

समुद्रावर असता इंजिन अकस्मात थांबणे ही गोष्ट रस्त्यावर मोटार बंद पडण्यासारखी नसते. वारा किनाऱ्याकडे असेल व नौका खडकांजवळ असेल, तर नांगर धरतो की नाही यावर खलाशांचे प्राण अवलंबून राहतात. डिझेल इंजिनाच्या अशा बंद पडण्याचे कारण पुष्कळदा इंजिनात नसून त्याच्या इंधनात असते. इंधनात पाणी शिरलेले असते, किंवा नळीत कोठेतरी हवा शिरत असते. असे असूनही इंजेक्टर बदलले जातात, पंप उघडला जातो, खर्च होतो. आणि महिन्याभराने तोच दोष पुन्हा उपस्थित होतो. कोकण किनाऱ्यावरील यांत्रिक नौकांचा अनुभव सामान्यतः या स्वरूपाचा आहे. प्रस्तुत लेखात या दोषांचे निदान कोणत्या क्रमाने व कोणत्या भौतिक-रासायनिक तत्त्वांच्या आधारे करता येते, याचा विचार करावयाचा आहे.

प्रथम इंधनाचा मार्ग ध्यानात घेतला पाहिजे. टाकीतून इंधन शोषण-नळीने निघते, पाणी वेगळे करणाऱ्या प्राथमिक गाळणीतून उपसा-पंपाकडे येते, तेथून सूक्ष्म गाळणीतून उच्चदाब-पंपात व शेवटी इंजेक्टरांत जाते; शिल्लक राहिलेले इंधन परत-नळीने टाकीत येते. या मार्गाचे दोन भाग पडतात. टाकी इंजिनाच्या पातळीखाली असल्यास, जसे बहुधा असते, टाकीपासून उपसा-पंपापर्यंतच्या भागातील दाब इंजिन चालू असताना वातावरणाच्या दाबापेक्षा कमी असतो. पंपाच्या पुढील भागात तो जास्त असतो. गळतीच्या निदानातील निम्मे काम हा भेद समजल्याने होते, हे पुढे दिसून येईल.

आता पाण्याचा विचार करू. डिझेलची घनता पाण्याच्या सुमारे ०.८३ पट असल्यामुळे मोकळे पाणी टाकीच्या तळाशी जमते. परंतु इंधनातील पाणी तीन अवस्थांत आढळते : विरघळलेले, सूक्ष्म थेंबांच्या रूपाने विखुरलेले, आणि तळाशी साचलेले. विरघळणारे पाणी अत्यल्प असते. नेहमीच्या तापमानात ते दशलक्ष भागांत शंभर भागांच्या आसपास राहते व तापमान उतरले की कमी होते. विखुरलेल्या थेंबांचे तळाशी बसणे हे स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडलेल्या नियमानुसार होते, आणि त्यात थेंबाच्या व्यासाचा वर्ग येतो. डिझेलची श्यानता ३ मिलिपास्कल-सेकंद धरल्यास १०० मायक्रॉन व्यासाचा थेंब ३० सेंटिमीटर खाली उतरण्यास सुमारे १७ मिनिटे घेतो. १० मायक्रॉनच्या थेंबास त्याच अंतरासाठी शंभरपट, म्हणजे सुमारे २९ तास लागतात. यावरून दोन व्यावहारिक नियम निघतात. नमुना घ्यावयाचा तो नौका निदान रात्रभर स्थिर उभी राहिल्यानंतर, टाकीच्या सर्वांत खालच्या तोटीतून घ्यावा. आणि समुद्रातून नुकत्याच परतलेल्या नौकेच्या टाकीतील वरचा नमुना स्वच्छ दिसला, एवढ्यावरून टाकीत पाणी नाही असा निष्कर्ष काढू नये.

नमुना पारदर्शक बाटलीत घेऊन उजेडासमोर धरावा. निर्दोष डिझेल स्वच्छ व चकचकीत दिसते. धुरकटपणा असल्यास बाटली कोमट पाण्यात ठेवून पाहावी; उष्णतेने धुरकटपणा गेला, तर तो सूक्ष्म पाण्यामुळे होता असे मानण्यास जागा आहे. बाटलीच्या तळाशी स्वतंत्र थर दिसल्यास त्याची उंची मोजून ठेवावी. टाकीत तोटी नसेल, तर मापनकाठीच्या टोकास पाणी लागताच रंग बदलणारा लेप लावून काठी तळापर्यंत सोडावी. विरघळलेल्या पाण्याचे अचूक मापन करावयाचे तर कार्ल फिशर यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अनुमापन-पद्धतीचा आश्रय घ्यावा लागतो. ते काम प्रयोगशाळेचे आहे.

पाणी आहे हे ठरले, म्हणजे ते कोठून आले हा खरा प्रश्न उपस्थित होतो. यावर एक उत्तर सर्रास दिले जाते. ते म्हणजे अर्धवट रिकाम्या टाकीतील हवेचा ओलावा रात्री थंड होऊन पाणी होते. हे उत्तर तत्त्वतः बरोबर असले, तरी परिमाणाच्या कसोटीवर ते कितपत टिकते हे पाहणे उद्बोधक ठरेल. टाकीत ५०० लिटर हवा आहे, दिवसाचे तापमान ३२ अंश, आर्द्रता ७५ टक्के आणि रात्रीचे तापमान २५ अंश सेल्सिअस आहे, असे समजू. दिवसा त्या हवेत घनमीटरमागे सुमारे २५ ग्रॅम बाष्प असते व २५ अंशांवर ती २३ ग्रॅम धारण करू शकते. म्हणून पहिल्या रात्री जेमतेम एक ग्रॅमच्या आसपास पाणी निघेल. त्यानंतर नवे पाणी येण्यास बाहेरची नवी हवा आत आली पाहिजे. सात अंशांच्या फरकाने हवेचे आकारमान सव्वादोन टक्क्यांनी बदलते. म्हणजे दररोज सुमारे साडेअकरा लिटर हवा श्वासनळीतून आत येते. तिच्यातील सर्व बाष्प द्रवरूप झाले असे धरले, तरी ते ०.३ ग्रॅमहून अधिक भरत नाही. शंभर दिवसांत तीस ग्रॅम! एवढे पाणी सूक्ष्मजीवांना पोसण्यास पुरेसे आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्या टाकीतून लिटरभर पाणी निघते, तिच्या बाबतीत संघननाचे कारण पुढे करणे म्हणजे तपास अर्ध्यावर सोडणे होय.

इंधनाबरोबर येणाऱ्या पाण्याचाही असाच हिशेब मांडता येतो. मोटारींसाठीच्या डिझेलमध्ये किलोमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी भारतीय मानकानुसार चालते. १००० लिटर, म्हणजे सुमारे ८३० किलो डिझेलमध्ये ते फार तर १६६ ग्रॅम होईल. म्हणजे नियमात बसणारे इंधनसुद्धा संघननापेक्षा अधिक पाणी आणू शकते. तथापि एकाच भरणीनंतर कित्येक लिटर पाणी निघाले, तर पुरवठ्याच्या टाकीचा किंवा पिंपाचा संशय घेणे योग्य ठरते. अशा वेळी वाद उत्पन्न होतो, हे उघड आहे. यास्तव भरणीच्या वेळीच पुरवठ्याच्या नळीतून एक बाटली नमुना घेऊन, मोहोरबंद करून व तारीख घालून ठेवण्याची प्रथा उपयुक्त आहे. पुराव्यावाचून केलेला आरोप पुरवठादारास अन्यायकारक आणि नौकामालकास निष्फळ ठरतो.

उरलेले दोन मार्ग म्हणजे पाऊस आणि समुद्र. येथे रसायनशास्त्र निर्णायक साहाय्य करते. वेगळे केलेले पाणी गाळून घेऊन, त्यात नायट्रिक आम्लाचा थेंब टाकून सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण मिसळावे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते. त्यामुळे दाट पांढरा साका तत्काळ पडतो. पावसाच्या पाण्यात फार तर किंचित गढूळपणा येतो. क्लोराइडचे अनुमापन केल्यास मिश्रणातील समुद्रजलाचे प्रमाणही काढता येते, उदाहरणार्थ, १.९ ग्रॅम आढळल्यास दहावा भाग समुद्राचा. मात्र टाकीत पूर्वी खारे पाणी शिरले असेल, तर मागे राहिलेले क्षार नंतरच्या पावसाच्या पाण्यात विरघळून दिशाभूल करतात. म्हणून टाकी धुऊन कोरडी केल्यानंतर घेतलेला दुसरा नमुनाच प्रमाण मानावा.

पाणी गोडे असून नांगरावर उभ्या नौकेत पावसानंतर वाढत असेल, तर डेकवरील भरणी-झाकणाची रबरी चकती पाहावी. ती सुकून भेगाळलेली असण्याचा संभव अधिक. पाणी खारे असून खवळलेल्या समुद्रातील फेरीनंतरच वाढत असेल, तर श्वासनळीचे तोंड लाटेच्या माऱ्यात येते काय, ते खाली वळविलेले आहे काय, हे तपासावे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हा मासेमारीबंदीचा काळ नौका पावसात उभ्या राहण्याचा असतो. नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा समुद्रात जाण्यापूर्वी टाकीचा तळ तपासणे याच कारणाने आवश्यक आहे.

पाण्याचे परिणाम केवळ यांत्रिक नसतात. पाणी व डिझेल यांच्या सीमेवर अमॉर्फोथेका रेझिनी नावाची बुरशी वाढते व तिचा काळपट चिकट थर गाळण्या बंद करतो. खाऱ्या पाण्यातील सल्फेटवर जगणारे जीवाणू हायड्रोजन सल्फाइड निर्माण करून पोलादास खड्डे पाडतात. अशा रीतीने पाण्याचा दोष कालांतराने टाकीच्या गळतीचा दोष बनतो. उच्चदाब-पंपातील दट्ट्या व त्याचे घर यांतील फट दोन-तीन मायक्रॉनांची असते आणि तिचे वंगण डिझेलच करते. तेथे पाणी पोचले, तर झीज अटळ होय.

आता गळतीकडे वळू. पंपापुढील जोड सैल असल्यास इंधन बाहेर येते व डोळ्यांस दिसते. सेकंदास एक थेंब ही गळती क्षुल्लक वाटते. परंतु थेंब ०.०५ मिलिलिटरचा धरल्यास दिवसाकाठी ती चार लिटरांहून अधिक होते. तापलेल्या धूरनळीवर असे इंधन उडाल्यास आगीचा धोका असतो. उलट शोषण-भागातील जोड सैल असल्यास थेंबही पडत नाही. हवा आत ओढली जाते. रात्रभर उभी राहिलेली नौका सकाळी कष्टाने सुरू होणे, सुरू होऊन थांबणे, वेग वाढविताच अडखळणे ही त्याची लक्षणे होत. याच्या खात्रीसाठी पंपापूर्वी पारदर्शक नळीचा तुकडा बसवून बुडबुडे दिसतात काय ते पाहावे. मग टाकी वगळून एका स्वच्छ डब्यातून इंजिनास इंधन द्यावे. बुडबुडे थांबले तर दोष वगळलेल्या भागात आहे. न थांबल्यास तो पुढे आहे. असे एकेक भाग वगळीत गेल्यास दोषी जोड सापडतोच. निर्वातमापक जोडल्यास आणखी एक भेद कळतो : निर्वात वाढलेला असल्यास गाळणी किंवा नळी तुंबलेली आहे, निर्वात अल्प पण बुडबुडे पुष्कळ, असे असल्यास हवेची गळती आहे.

दोन सूचना येथे अवश्य दिल्या पाहिजेत. टाकीची गळती शोधण्यासाठी हवेचा दाब देऊन साबणाचे पाणी लावण्याची रीत आहे. परंतु वातावरणाच्या केवळ दशांश दाबाने एक चौरस मीटर सपाट पत्र्यावर सुमारे एक टन बल पडते, हे विसरू नये. दाब अत्यल्पच ठेवावा. दुसरे असे, की बाहेर काहीही न गळता इंधन घटत असेल व वंगण-तेलाची पातळी वाढत असेल, तर उपसा-पंपाचा पडदा फाटून इंधन तेलात जात असण्याचा संभव आहे. अशा स्थितीत इंजिन चालविणे धोक्याचे होय.

या विवेचनावरून निदानाचा क्रम स्पष्ट होतो : प्रथम नमुना, नंतर परिमाण, नंतर पाण्याचे स्वरूप व ते वाढण्याची वेळ, आणि शेवटी भागाभागाने वगळून केलेली परीक्षा. यांतील बहुतेक कसोट्यांना बाटली, पारदर्शक नळी व सिल्व्हर नायट्रेटची कुपी यांहून अधिक साधने लागत नाहीत. किनाऱ्यावरील बंदरांत एकाच हंगामात अनेक टाक्यांतील पाण्याचे आकारमान व क्लोराइड पद्धतशीरपणे मोजले गेले, तर पाऊस, समुद्र व पुरवठा यांचा वाटा निश्चित करता येईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधास हा विषय सर्वथा योग्य आहे.