समुद्रातला मासा पाणी का पितो आणि किती?

मंडळी, गेल्या वेळी आपण कल्ल्यांपाशी थांबलो होतो. आज आतड्याकडे वळू.

प्रश्न अगदी साधा आहे. समुद्रातल्या माशाला पाण्याची टंचाई असते का? असते, आणि जन्मभर असते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. हाडं असलेल्या बहुतेक सागरी माशांचं रक्त मात्र त्याच्या जेमतेम एक तृतीयांश खारट. (शार्कचं गणित वेगळं आहे, ते आज बाजूला ठेवू.) कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की पाणी सुटतं ना, तसंच या माशाच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. मूत्रपिंडाचीही फारशी मदत नाही, कारण माशाला रक्तापेक्षा खारट लघवी करताच येत नाही.

मग तो समुद्रच पितो. १९३० साली होमर स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञानं पाण्यात फिनॉल रेड नावाचा रंग मिसळून हे दाखवलं. पाणी शरीरात शोषलं गेलं, रंग आतड्यात साठत गेला.

आता बघा, खारं पाणी प्यायलो तर आपली तहान वाढते. माशाची भागते कशी? पहिलं काम अन्ननलिका करते. तिच्या भिंतीतून मीठ आत जातं, पाणी जवळजवळ जात नाही. त्यामुळे आतड्यात पोचेपर्यंत पाण्याचा खारटपणा बराच उतरलेला असतो. तिथे पेशी सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड एकत्र ओढून घेतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. पाणी ओढणारा वेगळा पंप नाही, हे लक्षात ठेवा. पाणी हवं तर आधी मीठ घ्यायचं, आणि नंतर ते कल्ल्यांतून, ऊर्जा खर्चून, बाहेर फेकायचं. म्हणजे उधारीच म्हणा ना! घेणं आणि फेडणं यांचा मेळ बसला नाही तर मासा मरतो.

हा मेळ संप्रेरकं बसवतात. यावर जपानमध्ये ईलवर खूप काम झालंय. हा वामीसारखा लांबट मासा समुद्रात जन्मतो, नदीत वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा समुद्रात जातो. गोड्या पाण्यातला ईल खाऱ्यात सोडला की तो लगेच पाणी प्यायला लागतो. पण कल्ले अजून मीठ फेकायला तयार नसतात, त्याला काही दिवस लागतात. इथे एएनपी हे हृदयातून येणारं संप्रेरक कामी येतं. १९८१ मध्ये दे बोल्ड यांनी ते उंदराच्या हृदयात दाखवलं. आपल्याकडे ते मूत्रपिंडाला मीठ टाकायला लावतं. ईलमध्ये ते थेट पिणंच कमी करतं, आतड्यातलं मिठाचं शोषणही रोखतं. मीठ बाहेर काढणं जमत नाही तोवर दारच अर्धं लोटून घ्यायचं! मला हा उपाय फार आवडतो. ईलमध्ये ही लाट थोडाच वेळ टिकते. पुढचं काम कॉर्टिसोलचं. ते आतड्यात आणि कल्ल्यांत सोडियमचे पंप वाढवतं, शोषण वाढतं आणि फेकण्याची ताकदही वाढते.

कुणीतरी विचारलं, मग जिताडा गोड्या तळ्यात कसा वाढतो? तिथे अडचण उलटी असते, पाणी आत घुसतं आणि मीठ निसटतं. अशा वेळी माशांमध्ये प्रोलॅक्टिनचा वरचष्मा असतो. आपल्याकडे आईला दूध आणणारं संप्रेरक, तेच.

आता गमतीचा भाग. ग्वानिलिन हे संप्रेरक आतडं स्वतःच बनवतं, आणि ईल समुद्रात गेला की ते वाढतं. पण त्याचा परिणाम उलटा दिसतो, आतडं क्लोराइड पोकळीत परत सोडतं! पाणी हवं असताना असं का? एक तर्क असा: समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम आतड्यात बायकार्बोनेटशी जुळून चुनखडीचे पांढरे गोळे होतात, ते पुढे सरकायला थोडं पाणी लागतं. दुसरा असा की शोषण होत होत पोकळीतलं क्लोराइड संपत येतं, आणि ते नसेल तर शोषणच थांबेल. याच ग्वानिलिनच्या कुलपाला ई. कोलाय जिवाणूचं एक विष चावीसारखं बसतं, आणि प्रवासात आपल्याला जुलाब होतात. आपल्याला आजारी पाडणारं हे कुलूप ईल समुद्रात रोज स्वतःच उघडतो.