रुद्रपूरची मातीची शाळा आणि परदेशी विद्यार्थी

वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी परदेशातील गरीब वस्तीत जाऊन शाळा, दवाखाना किंवा घरे बांधण्याच्या कामात विनामोबदला सहभागी व्हावे, ही प्रथा युरोप-अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत रुजली आहे. मात्र त्यातून त्या गावाच्या पदरी नेमके काय पडते, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. या प्रश्नाच्या दृष्टीने बांगलादेशाच्या उत्तरेकडील दिनाजपूर जिल्ह्यातील रुद्रपूर या गावची ‘मेटी’ शाळा बारकाईने पाहण्याजोगी आहे.

या शाळेचा आराखडा करणाऱ्या अ‍ॅना हेरिंगर शालेय शिक्षण संपल्यावर ‘दीपशिखा’ या ग्रामविकासाचे काम करणाऱ्या बांगलादेशी संस्थेत स्वयंसेविका म्हणून दाखल झाल्या, तेव्हा त्यांनी वास्तुकलेचा अभ्यास सुरूही केलेला नव्हता. म्हणजेच गावाशी त्यांचा परिचय आधी झाला आणि इमारतीचा विचार पुष्कळ नंतर आला. पुढे ऑस्ट्रियातील लिंत्स येथे शिकत असताना त्या सहाध्यायांसह रुद्रपूरला परतल्या, तेथील घरे कशी बांधली जातात आणि कशामुळे खचतात याची पाहणी केली, आणि २००४ साली शाळेचा आराखडा पदवीचा प्रबंध म्हणून सादर केला. वास्तुविशारद आइके रोझवाग यांच्या सहकार्याने २००५ मध्ये बांधकाम सुरू झाले.

त्या भागातील मातीच्या घरांना पाया नसे आणि जमिनीतील ओल थेट भिंतीत चढे, त्यामुळे ती लवकर झिजत. यावर सिमेंटचा उपाय सुचवण्याऐवजी मातीचे तंत्रच सुधारण्यात आले: खाली विटांचा पाया घालून त्यावर ओलरोधक थर, म्हणजे ओल वर चढू न देणारा प्लॅस्टिकचा पडदा, अंथरण्यात आला, चिकणमाती, वाळू, पाणी आणि भाताचा पेंढा जनावरांच्या पायांखाली तुडवून एकजीव करण्यात आला आणि त्या चिखलाचे थर एकावर एक रचून, प्रत्येक थर काहीसा वाळल्यावर त्याच्या कडा फावड्याने तासून, जाड भिंती उभारण्यात आल्या. वरचा मजला बांबूचा आहे. कुडाच्या भिंतीत काठ्यांचा सांगाडा असतो आणि माती केवळ लिंपण असते. येथे मात्र भार मातीच पेलते, हा फरक लक्षात घेतला पाहिजे.

बांबू आणि माती परिसरातलीच असल्यामुळे खर्चाचा मोठा भाग स्थानिक कारागिरांच्या मजुरीत गेला, आणि परदेशी स्वयंसेवेचा खरा कस येथेच लागतो. ज्या प्रदेशात कुशल गवंड्यालाही बारमाही काम मिळत नाही, तेथे हजारो मैलांवरून आलेल्या अननुभवी विद्यार्थ्याने विटा रचणे म्हणजे त्या गवंड्याच्या रोजगारावर हात टाकणे होय, मग हेतू कितीही निर्मळ असो. उलट मोजमाप, आराखडे, ओल आणि पाऊस यांचा विचार, निधीची जमवाजमव ही कामे विद्यार्थ्याला येतात आणि ती त्याने मनापासून करावीत.

शाळेला २००७ साली आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. त्यानंतर रुद्रपूरमध्ये राहती घरे बांधण्याचा जो उपक्रम झाला, त्यात लिंत्सच्या विद्यार्थ्यांबरोबर ढाक्याच्या ब्रॅक विद्यापीठातील वास्तुकलेचे विद्यार्थी आणि गावातील कारागीर एकत्र होते. ही घरे पुढे दुरुस्त करायला ना विमानप्रवास लागतो, ना परदेशी तज्ज्ञ, कारण ते तंत्र जाणणारी माणसे गावातच राहतात.