श्रमदानाची अक्षयनीवी

मृगाचा पहिला पाऊस पडला, की आपल्याकडे वृक्षारोपणाचे समारंभ सुरू होतात. शाळा, महाविद्यालये, बँका, नगरपालिका आणि गृहनिर्माण संस्था यांच्या वतीने खड्डे खणले जातात, रोपे लावली जातात, पाहुणे दोन शब्द बोलतात आणि छायाचित्रे काढून मंडळी घरी परततात. दुसऱ्या वर्षी त्याच जागी, पुष्कळदा त्याच खड्ड्यात, नवे रोप लावण्यात येते. २०१६ साली राज्य शासनाने एका दिवसात दोन कोटी रोपे लावण्याचा संकल्प सोडला. त्यानंतरच्या तीन वर्षांसाठी पन्नास कोटींचे लक्ष्य ठरले. त्यांतील किती रोपे जगली, यावर पुढे विधिमंडळात वाद झाला. हा प्रश्न कोणत्याही एका सरकारपुरता मर्यादित नाही. लावलेले मोजावयाचे आणि जगलेले मोजावयाचे नाही, ही आपल्या सार्वजनिक कामाचीच जुनी खोड आहे.

या खोडीतून प्रस्तुत लेखकही सुटलेला नाही. काही वर्षांपूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना घेऊन मुंबईच्या उपनगरातील एका टेकडीच्या उतारावर आम्ही शंभरएक रोपे लावली. मुलांनी मनापासून काम केले. परत येताना गाणी झाली, वडापाव झाला. पुढच्या मे महिन्यात सहज म्हणून मी तेथे गेलो, तेव्हा उभी असलेली रोपे बोटांवर मोजता येत होती. बाकीच्या जागी वाळलेल्या काटक्या आणि त्यांना बांधलेल्या नावांच्या चिठ्ठ्या राहिल्या होत्या. ज्या मुलांची ती नावे होती, ती तोवर पदवी घेऊन निघूनही गेली होती. दोष त्यांचा नव्हता. दिवाळीनंतर पाणी कोणी घालावयाचे, हा प्रश्न आम्ही शिक्षकांनी विचारलाच नव्हता.

दान आणि निगा

हा प्रश्न आपल्या पूर्वजांना मात्र पडला होता. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे आहे. दीड-दोन कोटींच्या महानगराला लागून बिबट्यांचे वास्तव्य असलेले असे अरण्य जगात क्वचितच आढळेल. विहार आणि तुळशी हे मुंबईला पाणी पुरविणारे, एकोणिसाव्या शतकातील तलाव याच अरण्याच्या कुशीत आहेत. याच अरण्यात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. रविवारच्या सहलीला गेलेले लोक मोठ्या चैत्यगृहापाशी छायाचित्र काढून परततात; पण जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या अंगणात खोदलेली पाण्याची पोढी आणि भिंतींवरचे दानलेख यांकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. कल्याण, सोपारा अशा ठिकाणच्या व्यापाऱ्यांनी आणि गृहस्थांनी कोणी लेणे, कोणी पोढी दिल्याच्या नोंदी तेथे आहेत. काही लेखांत आणखी एक शब्द येतो: अक्षयनीवी. अक्षयनीवी म्हणजे मुद्दल कधीही न मोडता केवळ त्याच्या उत्पन्नातून कायमचा खर्च भागविण्यासाठी करून ठेवलेली ठेव.

नाशिकच्या लेण्यांत तर या व्यवहाराचा तपशीलच कोरलेला आहे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. दोन हजार दरमहा शेकडा एक या दराने आणि एक हजार दरमहा शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत करावयाचे नाही, व्याजाचा तेवढा उपभोग घ्यावयाचा, असे लेखात स्पष्ट म्हटले आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या या दात्याला एक गोष्ट नेमकी कळली होती. वस्तू देणे हा दानाचा आरंभ असतो. तिच्या निगेची तरतूद केल्यावाचून ते पूर्ण होत नाही.

निसर्गक्षेत्रांतील आपले श्रमदान नेमके येथे अपुरे पडते. आपण एका दिवसाचे दान देतो, अक्षयनीवी ठेवत नाही.

साध्या हिशेबाची गोष्ट

अर्थशास्त्राच्या शिक्षकाने हिशेब टाळू नये. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास, म्हणजे वर्षाला १२० तास काम करावे, अशी तिची अपेक्षा आहे. शंभर विद्यार्थ्यांच्या एका पथकाकडे वर्षाला बारा हजार तास असतात. आता शंभर रोपांना दिवाळीपासून मृगापर्यंत, म्हणजे सुमारे तीस आठवडे, आठवड्यातून एकदा पाणी घालावयाचे आहे असे समजा. पाणी जवळपास उपलब्ध असेल, तर चार विद्यार्थ्यांना दोन तास पुरतील. एकूण तास झाले २४०. बारा हजारांपैकी केवळ दोन टक्के! आमच्या काटक्या झालेल्या रोपांना वाचवावयास आमच्याकडे मनुष्यबळ नव्हते, असे म्हणण्याची सोय या हिशेबाने उरत नाही. उणीव श्रमाची नव्हती, सातत्याची होती.

शिवाय अरण्यात दर वेळी झाडच लावले पाहिजे, हाही भ्रम आहे. जेथे मूळचे जंगल जिवंत आहे, तेथे बी रुजविण्याचे काम पक्षी आणि वारा आपल्यापेक्षा चांगले करतात. तेथे माणसाचे काम निराळे असते. रानमोडी आणि घाणेरी ही परकी झुडपे वनखात्याच्या मार्गदर्शनाखाली बी धरण्यापूर्वी उपटणे, ओढ्यांत अडकलेले प्लास्टिक पावसापूर्वी काढणे, जाळरेषा साफ करण्यास हातभार लावणे, पायवाटांची धूप थांबविणे आणि जे दिसते त्याची नोंद ठेवणे. ही कामे छायाचित्रात शोभून दिसत नाहीत. म्हणूनच ती मागे पडतात.

सहलीचे मोल

याचा अर्थ सहली निरर्थक असतात, असा नव्हे. पहिली ओळख सहलीतच होते. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने निसर्गभ्रमंतीची गोडी किती पिढ्यांना लावली, हे सर्वश्रुत आहे. ज्याने पहाटे जंगलात उभे राहून एकदा तांबटाची हाक ऐकली, त्याला ते जंगल नकाशावरचा हिरवा ठिपका वाटत नाही. प्रश्न एवढाच, की या ओळखीचे पुढे काय होते? ती दर वर्षी नव्याने करून घ्यावयाची, की तिचे नात्यात रूपांतर व्हावयाचे?

असे रूपांतर होऊ शकते, याचा पुरावा याच उद्यानाने दिलेला आहे. २००४ साली त्याच्या आसपासच्या वस्त्यांत बिबट्यांच्या हल्ल्यांनी हाहाकार उडविला. अनेक माणसे मृत्युमुखी पडली. पिंजरे लावा आणि बिबटे हलवा, ही मागणी स्वाभाविक होती. परंतु बिबट्याला पकडून अन्यत्र सोडल्याने संघर्ष मिटत नाही, उलट तो वाढू शकतो, असे विद्या अत्रेय यांच्या जुन्नर परिसरातील अभ्यासातून दिसून आले. पुढे २०११ साली वनखात्याच्या पुढाकाराने ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू झाला. त्यात शास्त्रज्ञ होते, तसे नोकरी सांभाळून येणारे सामान्य नागरिकही होते. त्यांनी गृहनिर्माण संस्थांत, शाळांत, पोलिसांत आणि पाड्यांवर जाऊन एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. कचऱ्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. म्हणून आधी कचरा उचला, रात्री मुलांना एकटे सोडू नका, बिबट्या दिसला तर गर्दी करू नका. २०१५ साली स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने झालेल्या अभ्यासात उद्यान आणि त्याच्या परिसरात सुमारे ३५ बिबटे असल्याचा अंदाज निघाला. म्हणजे बिबटे नाहीसे झाले नव्हते. शेजार कसा करावा, हे माणसे शिकू लागली होती. धोका संपला, असे म्हणता येणार नाही. २०२२ साली आरे परिसरात एका तान्ह्या मुलीचा बळी गेला. सातत्याला सुट्टी नसते, हेच त्या दुःखद घटनेने पुन्हा सांगितले.

या स्वयंसेवकांनी तेथे एकही रोप लावले नसते, तरी त्यांचे श्रमदान कमी मोलाचे ठरले नसते. त्यांनी जे निर्माण केले ते ज्ञान होते, आणि विश्वास होता.

गुणांसाठी सेवा

येथे आम्हा शिक्षकांच्या दारातला प्रश्न येतो. सेवेच्या कामासाठी काही विद्यापीठांत वाढीव गुण मिळतात. नव्या शैक्षणिक धोरणात अशा उपक्रमांना श्रेयांक मिळण्याची सोय झाली आहे. प्रोत्साहन म्हणून हे वाईट नाही. परंतु प्रोत्साहनाचे मूल्यात रूपांतर होते, तेव्हा काय घडते, याचा विचार अर्थशास्त्राने केलेला आहे. रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली रक्तदानाचा अभ्यास मांडताना असे दाखविले, की विकत घेतलेल्या रक्तापेक्षा स्वेच्छेने दिलेल्या रक्ताची व्यवस्था अधिक सुरक्षित ठरते. इस्राएलमधील हैफा शहरातल्या पाळणाघरांचा प्रयोगही असाच बोलका आहे. मुलांना न्यावयास उशिरा येणाऱ्या पालकांना तेथे दंड बसविण्यात आला, तेव्हा उशीर कमी होण्याऐवजी वाढला. जी आजवर लाज होती, तिची किंमत ठरली; आणि किंमत मोजली, की लाज उरत नाही. पुढे दंड काढून टाकल्यावरही उशीर कमी झाला नाही.

आमच्या महाविद्यालयांत याहून निराळे घडते, असे छातीठोकपणे सांगणारा शिक्षक विरळा. हजेरीपत्रकावर सही झाली, की विद्यार्थ्याच्या लेखी व्यवहार पुरा होतो. पर्यावरणाच्या सक्तीच्या अभ्यासक्रमातील प्रकल्प-अहवाल कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात, हे आपण सर्व जाणतो. गुण बंद करा, असे मी म्हणत नाही. गुण द्यावयाचे, तर तासांना न देता टिकलेल्या कामाला द्यावेत, एवढेच म्हणणे आहे.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप घेतले जातील, आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला असा, की जंगल राखणे हे शासनाचे काम आहे; त्यासाठी वनरक्षक आहेत, कर आहेत. नागरिकांचे फुकट श्रम मिळू लागले, तर रिक्त जागा भरण्याची निकड शासनाला वाटेनाशी होईल. ही भीती खरी आहे. म्हणून मर्यादा आधीच स्पष्ट असावी. गस्त घालणे, वणवा विझविणे, जखमी प्राण्याला हाताळणे ही प्रशिक्षित आणि वेतन घेणाऱ्या माणसांची कामे होत. जेथे एखाद्याची मजुरी बुडेल, तेथे श्रमदान करणे हे पुण्य नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या उद्यानात वारली आणि इतर आदिवासींचे पाडे आहेत. शहरातून आलेला स्वयंसेवक पिशवीत दुर्बीण घालून येतो आणि पाड्यावरच्या माणसाला जंगल कसे राखावे, हे सांगू लागतो. ज्या बाईला आजीकडून प्रत्येक रानभाजीचे नाव मिळाले आहे, ती त्याच्या दृष्टीने फाटकावर करवंदे विकणारी बाई असते. निसर्गभ्रमंतीत वाटाड्या म्हणून, शिक्षक म्हणून, आणि अर्थातच योग्य मोबदला देऊन, या मंडळींना पुढे केले पाहिजे. गाडगेबाबा गावात आले, की आधी हातात खराटा घेत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. आपल्यापैकी अनेक जण कीर्तनापासून आरंभ करतात, आणि तेथेच थांबतात.

एक वाट, एक वही

मग करावयाचे काय? सूचना साधी आहे. प्रत्येक महाविद्यालयाने जवळच्या निसर्गक्षेत्रातील, टेकडीवरील किंवा तळ्याकाठची एकच लहानशी जागा वनखात्याच्या किंवा नगरपालिकेच्या परवानगीने निवडावी, आणि ती निदान दहा वर्षे सोडू नये. दर वर्षी नवी जागा, नवा फलक, नवे उद्घाटन, हे थांबवावे. महिन्यातून एक रविवार आणि एक ठरलेले काम असावे. फेब्रुवारी महिन्यात देशभर होणाऱ्या पक्षिगणनेत त्या जागेची गणना दर वर्षी व्हावी. तिला पैसा लागत नाही, निदान पंधरा मिनिटे शांत उभे राहावे लागते. आणि या सर्वांची एक वही असावी. कोणते झाड कधी फुलले, ओढा कधी आटला, किती रोपे जगली आणि किती मेली, हे त्यात लिहिले जावे. मेलेल्यांची संख्या लिहावयास संकोच करू नये. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी ती वही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी आणि त्यांना त्या वाटेने एकदा स्वतः फिरवून आणावे.

वहीचा आग्रह कशासाठी? सह्याद्रीच्या उतारांवरील कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. बोरिवलीच्या अरण्यात ती २०१६ साली बहरली होती. तीन वर्षांत पदवी घेऊन जाणाऱ्या विद्यार्थ्याला कारवीचे दोन बहर महाविद्यालयात असताना पाहता येणे शक्य नाही. एका बहरापासून दुसऱ्या बहरापर्यंतची आठवण एकट्या माणसाच्या उत्साहावर टिकणार नाही. ती संस्थेनेच जपली पाहिजे. धारावीलगत मिठीच्या काठावर, जेथे एके काळी शहराचा कचरा टाकला जाई, तेथे आज सुमारे ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे आहे. १९९४ साली ते लोकांसाठी खुले झाले. कचऱ्याच्या ढिगावर रान उभे राहिले, ते एका पावसाळ्यात नव्हे.

त्या टेकडीवर आम्ही पुन्हा जाऊ लागलो आहोत. या वेळी रोपे कमी आहेत आणि फेऱ्या अधिक. वहीच्या पहिल्या पानावर मेलेल्या रोपांचा आकडा लिहिला आहे. तो लिहिताना हात जरा अडखळला, हे कबूल केले पाहिजे. परंतु ज्या ठेवीचा हिशेबच ठेवलेला नाही, ती अक्षय कशी राहावी?