दोन नेट, एक पीसी : बोईसरकरांनो, जमवा जोडी!

माहीत आहे का, तारापूर आणि इंटरनेट यांच्या बर्थडेत फक्त एका दिवसाचा फरक आहे? २८ ऑक्टोबर १९६९ ला तारापूरचं अणुवीज केंद्र, देशातलं पहिलंवहिलं, व्यावसायिक वीज देऊ लागलं. दुसऱ्याच दिवशी, २९ ला, तिकडे कॅलिफोर्नियात एका कॉम्प्युटरने दूरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरला पहिला मेसेज धाडला. धाडायचं होतं 'लॉगिन'. 'एल' पोचलं, 'ओ' पोचलं... आणि सिस्टीम कोसळली!

म्हणजे नेट मध्येच जाणं हा जन्मजात आजार. मग इलाज? एकाला दोन नेट! घरात फायबर आहे, खिशात फोरजी-फाइव्हजी आहे. दोन्ही पीसीला लावले की ५० अधिक ५० बरोबर १००, हो ना?

थांबा, थांबा! विंडोज तसं करत नाही. प्रत्येक कनेक्शनला तो 'मेट्रिक' नावाचा नंबर देतो आणि ज्याचा नंबर कमी त्याच्यावरून ट्रॅफिक सोडतो. दुसरं नेट जोडलेलं दिसतं, पण कामाला लागत नाही. पहिलं पडलं की मगच त्याची पाळी!

आता खरी गंमत. नेट जोडण्याचे प्रकार दोन : लोड बॅलन्सिंग आणि बाँडिंग. दुकानदार दोन्हींना सर्रास एकच नाव देतात, आणि तिथेच गिऱ्हाईक फसतं. फरक समजून घ्यायला पालघरच्या प्लॅटफॉर्मवर चला. बोरिवली ते विरार चार लाइनी, विरारपुढे डहाणूपर्यंत दोनच. आता या सुमारे ६४ किलोमीटरचं चौपदरीकरण चाललंय. चार लाइनी झाल्या म्हणून तुमची डहाणू लोकल दुप्पट वेगाने पळेल का? नाही! पण गाड्या जास्त सुटतील, मेलसाठी लोकल अडकून पडणार नाही. लोड बॅलन्सिंग म्हणजे नेमकं हेच. मुलीचा ऑनलाइन क्लास एका लाइनीवर, बाबांचा व्हिडिओ कॉल दुसरीवर. सगळे खूश. पण एकच मोठी फाइल उतरवायला घेतलीत, तर ती एकाच लाइनीवरून येणार.

बाँडिंगची बातच न्यारी. इथे त्या एकाच फाइलचे तुकडे दोन्ही वाटांनी धावतात. पण वाटेत कुणीतरी ते तुकडे पुन्हा सांधायला हवेत, म्हणून इंटरनेटवर एक मधला सर्व्हर लागतो. 'स्पीडिफाय'सारखी अ‍ॅप्स हा सर्व्हर पुरवतात. बेरीज पूर्ण हाती पडत नाही, सांधाजोडीत थोडा स्पीड खर्च होतोच.

त्या ६४ किलोमीटरवरून आठवलं! नव्वदच्या दशकातली आयएसडीएन लाइन आठवते? ६४ केबीपीएसचे दोन चॅनल जोडून १२८! म्हणजे ही कला काही नवी नाही. त्या जोडणीच्या स्टँडर्डचा नंबर आरएफसी १९९०, आणि ते आलं १९९६ मध्ये. आपल्याकडे व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

रेकॉर्ड हवाय? घ्या! २०१३ मध्ये बेल्जियमच्या लूवाँ विद्यापीठातल्या संशोधकांनी १० गिगाबिटच्या सहा लिंक एकत्र बांधल्या आणि एकाच कनेक्शनवर सेकंदाला ५१.८ गिगाबिट पळवले. त्यामागचं तंत्र 'मल्टिपाथ टीसीपी'. त्याच वर्षी अ‍ॅपलने ते आयफोनच्या 'सिरी'ला दिलं, म्हणजे वायफाय दगा देऊ लागलं तर मोबाइल डेटा सावरून घेणार. आणि त्याच वर्षी १६ एप्रिलला आपली लोकलही डहाणूला पोचली. लकी इयर!

माहीत आहे का, दोन नेट लावल्यावर बँकेची साइट अचानक लॉगआऊट का करते? प्रत्येक नेटचा आयपी पत्ता वेगळा. एका क्षणी तुम्ही या पत्त्यावर, पुढच्या क्षणी त्या. बँकेला वाटतं, चोर आला! चांगल्या ड्युअल-वॅन, म्हणजे दोन नेट जोडता येणाऱ्या राउटरमध्ये एक साइट एकाच लाइनीला बांधून ठेवायची सोय असते. ती ऑन करा.

झटपट हिशेब : प्लॅनवरचे १०० एमबीपीएस हे बिट्स. फाइल मोजतात बाइट्समध्ये. आठने भागा, उरले सेकंदाला साडेबारा एमबी. नेटवाल्याशी भांडण्याआधी हा भागाकार करून बघा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, अगदी कळकळीने. दोन्ही कनेक्शनं एकाच वाटेने घेऊ नका! आपल्या जिल्ह्यात बुलेट ट्रेन, एक्स्प्रेसवे अशा कामांसाठी खोदाई होत असते. जेसीबीचा एक दात लागला की शेजारी शेजारी गेलेल्या दोन्ही फायबर एकदम गुल. एक फायबर आणि एक मोबाइल, हीच माझ्या मते पालघरची बेस्ट जोडी.

आज रात्रीच करून बघा. फोन यूएसबी केबलने पीसीला लावा, फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग ऑन करा. पीसीवर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून परफॉर्मन्स टॅब उघडा. तिथे वायफायच्या जोडीला फोन 'इथरनेट' नावाने येईल, दोघांचे आलेख समोर दिसतील. एखादा व्हिडिओ लावा आणि बघा कोण धावतोय. मग पीसीचं वायफाय बंद करा, आणि दुसरा किती सेकंदांत धावून येतो ते मोजा!