धोंड्या साप व त्याची ओळख

धाम नदीच्या काठी पवनारास ज्यांची वावरे आहेत, त्या कास्तकारांस धोंड्या नवा नाही. देशावर यासच दिवड किंवा विरोळा म्हणतात. नदीचे डोह, विहिरी व ओलिताचे पाट ही त्याची राहण्याची ठिकाणे. तरीही हा निरुपद्रवी प्राणी नाग समजून मारला जातो, आणि त्यास त्याचा तापट स्वभावच कारण होय. डिवचला असता तो मान चपटी करून डोके उचलतो व झेप घेतो. घाबरलेल्या मनुष्यास त्या चपट्या मानेत फडा दिसतो.

त्याच्या पिवळसर वा हिरवट अंगावर सोंगट्यांच्या पटासारख्या काळ्या चौकड्या असतात. परंतु रंग फार बदलतो, म्हणून केवळ रंगावर विसंबू नये. खरी खूण डोळ्यापाशी आहे. तेथून दोन काळ्या तिरप्या रेघा निघतात. एक डोळ्याखालून ओठाकडे, दुसरी डोळ्यामागून जबड्याच्या कोपऱ्याकडे. पाठीच्या खवल्यांवर बारीक कणा असतो, नागाचे खवले गुळगुळीत असतात; पण इतक्या जवळून पाहण्याच्या भरीस कोणी पडू नये! घोणशीचे अंग जाड, शेपूट आखूड व पाठीवरील मोठे ठिपके साखळीसारखे असतात.

श्नायडर नामक जर्मन शास्त्रज्ञाने १७९९ साली यास ‘पिस्केटर’, म्हणजे मासेमार, असे नाव दिले, ते यथार्थ आहे. मासे व बेडूक हे त्याचे मुख्य अन्न. उंदीर तो क्वचितच धरतो. ते काम धामणीचे. मादी काठावरील बिळांत बहुधा तीस ते सत्तर अंडी घालून त्यांची राखण करते. मत्स्यतळे राखणाऱ्यांचे त्याच्याशी पटत नाही, हे आम्ही जाणतो. तथापि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास संरक्षण दिले आहे.

धोंड्याचे दात पुष्कळ व मागे वळलेले असल्याने त्याच्या चाव्यातून रक्त बरेच येते, पण विष चढत नाही. मात्र पाण्यात दिसला तो बिनविषारीच, ही समजूत त्याला मारण्याहूनही घातक आहे. नाग व मण्यार दोघेही पोहतात, आणि बेडकांच्या मागे नाग ओलिताच्या वावरात शिरतो. मण्यारीच्या दंशाच्या वेदना पुष्कळदा जाणवतही नाहीत. म्हणून रात्री पाणी देण्यास जाताना विजेरी व गुडघ्यापर्यंतचे बूट घ्यावेत. आणि चावलेला साप निश्चित ओळखता आला नसेल, तर आवळून बांधणे, कापणे व मांत्रिक यांत वेळ न घालविता रोग्यास न चालविता सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात ताबडतोब न्यावे. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही.